परतीचं पाणी

भामरागडच्या बाजारात पुराचं पाणी शिरतं तेव्हा पुष्कळदा भामरागडात पाऊसच नसतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या गावाला लागूनच एकमेकींना भेटतात. पाऊस पडतो तो वर, बस्तरात, ओडिशातल्या कालाहंडीच्या डोंगरांत, जिथून इंद्रावती निघते. ती भरून येते आणि पर्लकोटेचं पाणी पुढे सरकेनासं होतं. थांबतं, फुगतं, मागे वळतं, ठेंगण्या पुलावर चढतं, हेमलकशाकडचा रस्ता तोडतं आणि बाजारपेठेत येतं. दुकानदार माल माळ्यावर चढवतात. पलीकडची शंभरेक गावं तुटतात. 2019 च्या पावसाळ्यात तर हे इतक्यांदा झालं की लोकांनी माल खाली उतरवायचंच सोडून दिलं असेल.

आभाळ निरभ्र आणि पुलावर पाणी, असं दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला काही उमगत नाही. मीही तिथल्या एका दुकानदाराला विचारलं. तो पोती उचलता उचलता म्हणाला, "इंद्रावती पानी घेत नाही ना जी. तिनं घेतलं नाही तं हे पानी जाईन कुठं?"

आयुष्यभर मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तेही वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यात. पाय का सुजतो याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला कधी वर्गात देता आलं नव्हतं.

रक्ताभिसरणाचा धडा सगळ्यांना आठवतो. चार कप्प्यांचं हृदय, लाल रंगाच्या धमन्या, निळ्या रंगाच्या शिरा. परीक्षेत पाच गुणांची आकृती हमखास. त्याच धड्याच्या शेवटी लसीकासंस्था नावाचा एक परिच्छेद असे, आणि त्यावर आली तर दोन गुणांची टीप. मुलं ती पर्यायात सोडून देत. सोडण्यासारखीच वाटते ती. हिला हृदय नाही, ठोका नाही, रंगसुद्धा नाही. हातावर उमटलेली हिरवट शीर आपण दाखवू शकतो, लसीकावाहिनी कुणाला दाखवणार?

पण हिशेब मांडून पाहावा. रक्त बारीक केशवाहिन्यांत पोचलं की त्यातला पाण्यासारखा भाग भिंतीतून बाहेर झिरपतो. दिवसाला साधारण वीस लिटर. शरीरातली प्रत्येक पेशी या झिरपलेल्या पाण्यात जगते, त्यातूनच खाते आणि त्यातच टाकते. यातलं सतराएक लिटर पुन्हा रक्तात ओढलं जातं आणि तीनेक लिटर मागे उरतं, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. अलीकडचे अभ्यासक म्हणतात, मागे उरणारं पाणी याहून बरंच जास्त असावं. आपण तीनच धरू. अंगातल्या सगळ्या रक्तद्रवाचा साठाही जेमतेम तीन लिटरच असतो. म्हणजे हे मागे राहिलेलं पाणी आणि त्याच्याबरोबर निसटलेली प्रथिनं कुणी उचलून परत आणली नाहीत, तर एका दिवसात माणूस आपल्याच मांसात बुडून मरेल. ते परत आणण्याचं काम या दोन गुणांच्या टिपेकडे आहे.

तिची सुरुवात फार सुंदर आहे. पेशींच्या दाटीत, एका टोकाला बंद असलेल्या बारीक नळ्या. त्यांची भिंत एकमेकींवर किंचित चढलेल्या चपट्या पेशींची, आणि त्या पेशी आसपासच्या मांसाला सूक्ष्म धाग्यांनी बांधलेल्या. भोवती पाणी साचलं, मांस फुगलं, की धागे ताणले जातात आणि पेशींच्या मधल्या फटी उघडतात. पाणी आत शिरतं. आतला दाब वाढला की फटी आपोआप मिटतात. सूज आल्यामुळेच दार उघडावं ही युक्ती मला हृदयाच्या चारही झडपांपेक्षा हुशारीची वाटते.

आत शिरलेल्या या फिकट द्रवाला लसीका म्हणायचं. नळ्या नळ्यांना मिळत जातात. त्यांच्यात थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात, एकाच दिशेला उघडणाऱ्या. मोठ्या वाहिन्यांची भिंत मिनिटाला काही वेळा आपणहून आकसते. बाकी सारा भार आपल्या हालचालीवर. पोटरीचा स्नायू आवळला की लसीका एका झडपेच्या वर जाते, श्वास आत घेतला की छातीकडे ओढली जाते, शेजारची धमनी उडाली तरी थोडी सरकते. लाहेरीवरून बिनागुंड्याच्या पहाडाकडे डोक्यावर ओझं घेऊन निघालेली माडिया आदिवासी बाई प्रत्येक पावलाला हे पाणी वर चढवत असते. खुर्चीत दिवस काढणाऱ्या माझ्यासारख्याच्या पायात संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, त्याचं कारणही हेच.

दोन्ही पायांचं, पोटाचं, डाव्या हाताचं आणि डोक्या-छातीच्या डाव्या अर्ध्या भागाचं पाणी एका वाहिनीत गोळा होतं. ही वक्षवाहिनी कंबरेच्या मणक्यांपुढून निघते, हृदयाच्या मागून वर चढते आणि मानेच्या मुळाशी डावीकडे, गळ्याखालच्या आडव्या हाडाआड, दोन मोठ्या शिरा जिथे मिळतात नेमक्या तिथे रक्तात उतरते. लांबी हातभरापेक्षा थोडी कमी, जाडी एखाद्या काडीएवढी. उजव्या हाताचं आणि डोक्या-छातीच्या उजव्या भागाचं पाणी उजवीकडे उतरतं. तोही त्रिवेणी संगमच म्हणायचा, फक्त तिथे तोंडाशी एक झडप आहे. शिरेतलं रक्त उलटं चढून लसीकेत येऊ नये म्हणून शरीरानं केलेली ती तजवीज. भामरागडच्या संगमावर अशी झडप नाही. आणि शरीरात असली तरी तिचीही मर्यादा आहे. हृदय थकलं, शिरांतला दाब वाढला, की मानेतला संगमही पाणी घेईनासा होतो आणि पावलं सुजतात.

हे सगळं माणसाला फार उशिरा कळलं. 1622 च्या जुलैत मिलानमध्ये गास्पारे आसेल्ली नावाच्या शल्यविशारदानं एक जिवंत कुत्रा उघडला होता. आतड्यांच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. नसा असतील म्हणून त्यानं एक कापली, तर दुधासारखा थेंब बाहेर आला. दुसऱ्या दिवशी दुसरा कुत्रा उघडला तर काहीच नाही. फरक एवढाच होता की पहिला कुत्रा भरपेट जेवलेला होता. अन्नातली स्निग्धता आतड्यातून सरळ रक्तात जात नाही, ती या लसीकावाहिन्यांतून जाते आणि तेवढ्या वेळापुरता त्यांना पांढरा रंग चढतो. मोहाच्या बियांच्या तेलात परतलेली भाजी खाऊन कुणी माडिया माणूस आडवा झाला असेल, तर त्याच्याही पोटात तासाभरात हे पांढरं जाळं उजळत असणार. आसेल्लीचं पुस्तक 1627 मध्ये निघालं, तोवर तो वारला होता. पुढे 1651 मध्ये पेके या फ्रेंच माणसानं वक्षवाहिनीची वाट सांगितली, आणि मग स्वीडनचा रुडबेक आणि डेन्मार्कचा बार्थोलिन यांच्यात शोध आधी कुणाचा यावर यथासांग भांडण झालं. मेंदूच्या आवरणातल्या लसीकावाहिन्यांचं महत्त्व तर 2015 मध्ये लक्षात आलं. माझी पेन्शन सुरू झाल्यावर!

गावातल्या माणसाला या संस्थेची ओळख पुस्तकाआधी झालेली असते, ती अवधाणानं. पायात काटा मोडतो, अनवाणी पायाला सवयीचंच म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ येते. जखम तळपायाला आणि ठणका जांघेत, हे कोडं आजी विटेचा शेक देऊन सोडवायची. होतं असं की काट्याबरोबर शिरलेले जंतू लसीकेत वाहत वर येतात आणि जांघेतल्या गाठींपाशी अडवले जातात. अशा पाच-सहाशे गाठी आपल्या अंगात आहेत. काखेत, मानेत, जांघेत, आतड्यांभोवती. लसीका एका बाजूनं आत येते, चाळली जाते, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. आत लसीकापेशी दबा धरून असतात. जंतूला ओळखणारी पेशी सापडली की ती आपली फौज वाढवते आणि गाठ फुगते. दुखतं ते लढाई चालू आहे म्हणून. क्षयाचे जंतू याच गाठींत ठाण मांडतात तेव्हा मानेवर गंडमाळ उठते, आणि ती मात्र दुखतही नाही. न दुखणारी गाठ दाखवायला कोण वीस-पंचवीस किलोमीटर चालून येईल?

याच कुळातला सगळ्यात मोठा अवयव डाव्या फासळ्यांखाली आहे. पानथरी, म्हणजे प्लीहा. निरोगी मोठ्या माणसात तिचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. लसीकागाठी लसीका गाळतात, पानथरी रक्त गाळते. गडचिरोली हा महाराष्ट्रातला हिवतापाचा सगळ्यात मोठा जिल्हा आणि त्यातही भामरागड तालुका कायम पुढे. हिवतापाच्या जंतूंनी भरलेल्या तांबड्या पेशी गाळून गाळून पानथरी वाढते, फासळ्यांखालून बाहेर येते. इंग्रजी अमदानीत तर एखाद्या मुलखात हिवताप किती, हे मोजायला मुलांची पोटं चाचपून किती जणांची पानथरी हाताला लागते तेच मोजत. त्याच जंगलात सिकलसेलही आहे. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशी पानथरीच्या बारीक वाटा तुंबवतात, तिचे तुकडे तुकडे मरत जातात, आणि दोन्ही पालकांकडून हा दोष घेतलेल्या मुलाची पानथरी हळूहळू आकसून निकामी होते. मग साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. एकाच पाड्यावर एका पोराची पानथरी हिवतापानं वाढलेली आणि दुसऱ्याची सिकलसेलनं सुकलेली! सिकलसेलचा दोष एकाच पालकाकडून आला असेल तर हिवतापाचा जोर कमी पडतो, म्हणून तो या हिवतापाच्या मुलखात टिकून राहिला. निसर्गाचा हा व्यवहार मला कधीच न्यायाचा वाटला नाही.

हेमलकसा हे भामरागडच्या अलीकडचं गाव, मधे पर्लकोटा. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथेच आयुष्य घातलं. सुरुवातीला झाडाखाली दवाखाना, वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. रोगी यायचे ते खाटेच्या कावडीवरून, डोंग्यातून. हिवताप मेंदूत चढलेले, अस्वलानं फाडलेले, जखमा सडलेले. 2008 मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2022 च्या जूनमध्ये डॉ. प्रकाश आमट्यांना रक्ताचा एक दुर्मिळ कर्करोग झाल्याची बातमी आली आणि पुण्यात उपचार सुरू झाले. त्या रोगाचं नाव हेअरी सेल ल्युकेमिया. तो होतो लसीकापेशींनाच, आणि त्यात पानथरी वाढते. ज्या हातांनी चार-साडेचार दशकं इतरांच्या पानथऱ्या चाचपल्या, त्यांच्याच लसीकापेशींनी दगा द्यावा, याला काय म्हणायचं? ते त्यातून बाहेर आले, हे आपलं भाग्य.

आता हत्तीपायाकडे येतो, कारण तो माझ्या घरातला आहे. माझ्या आजीचा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सारखाच जाड होता. नऊवारीचा घोळ ती पावलावर ओढून बसायची. लग्नाला गेली तर मांडवाच्या कडेला बसायची आणि पंगत उठायच्या आत घरी यायची. वर्षातून चार-पाचदा तिला हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लाल व्हायचा, आणि ताप उतरल्यावर पाय आधीपेक्षा थोडा जास्तच जाड राहायचा. घरातले म्हणायचे, पाणी लागलं.

अगदीच चुकीचं नव्हतं ते. जुनं साचलेलं पाणी जिथे फार आणि सगळ्या ऋतूंत जिथे गारवा, त्या मुलखांत श्लीपद, म्हणजे हत्तीपाय, होतं, असं सुश्रुतसंहितेनं कधीच लिहून ठेवलंय. मधला डास तेवढा त्यांना दिसला नव्हता. तो दिसायला 1877 उजाडावं लागलं. चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरानं आपल्याच रोगी नोकराला डास चावू दिले आणि त्या डासांच्या पोटात कृमी वाढताना पाहिले. त्याआधी 1866 मध्ये ब्राझीलमध्ये वुखेररला ते एका रोग्याच्या दुधाळ लघवीत सापडले होते. तो दुधाळपणाही आसेल्लीच्या कुत्र्यातलाच, आतड्यांतून निघालेली आणि वाट फुटून मूत्रमार्गात उतरलेली लसीका. 1872 मध्ये कलकत्त्यात लुईसला हे बाल-कृमी माणसाच्या रक्तात दिसले. मोठा कृमी 1876 मध्ये ऑस्ट्रेलियात बँक्रॉफ्टनं शोधला. वुखेरर आणि बँक्रॉफ्ट या दोघांचं नाव आज कृमीला आहे, वुखेरेरिया बँक्रॉफ्टाय.

मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर त्याच्या निम्म्याहून कमी, आणि दोघंही दोऱ्यासारखे. घाणेरड्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्यांना आणतो आणि ते लसीकावाहिन्यांत घर करतात. सहा-आठ वर्षं जगतात. ते वाट बुजवतात असं आम्ही शिकवत असू, पण खरी गोष्ट जरा निराळी आहे. त्यांच्या वास्तव्यानं वाहिनी सैल पडते, रुंद होते, तिच्या झडपा मिटेनाशा होतात. पाणी वर चढवलं तरी घसरून पुन्हा खाली. साचलेल्या पाण्यात प्रथिनं असतात, कातडी जाड होते, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, भेगांतून जंतू शिरतात आणि त्यांना अडवायला निघालेली लसीकापेशी वाटेतच अडकते. आजीचा वर्षातला चार-पाचदाचा ताप हा होता, आणि त्या प्रत्येक तापात उरल्यासुरल्या वाहिन्या करपत होत्या. पुरुषांना याच रोगानं अंडवृद्धी होते. ती शस्त्रक्रियेनं बरी होते, पण पुरुष लाजेपायी धोतर सैल सोडून वर्षानुवर्षं काढतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे राज्याच्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत मोडतात. धानाच्या बांध्या, गावामागची बोडी, घरामागचं सांडपाणी, डासाला आणखी काय हवं! या कृमींच्या रक्तातल्या पिल्लांचं एक विचित्र वेळापत्रक आहे. दिवसा ती फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळी, अंगभर रक्तात उतरतात. म्हणून हत्तीरोगाची तपासणी रात्रीच करावी लागते. आठ-नऊ वाजल्यानंतर आरोग्य कर्मचारी काचपट्ट्या आणि सुया घेऊन घरोघर जातात. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात अंधार पडल्यावर अनोळखी माणसानं गावात शिरणं एके काळी काय गोष्ट होती, ते तिथे राहिलेल्यालाच विचारावं. कुत्री अंगावर येतात, लोक दार लावून घेतात, झोपलेल्या पोराला टोचू देत नाहीत. तरी ही माणसं जातात. त्यांच्या नावानं कुठे पुतळे नाहीत.

आणि दरवर्षी गोळ्या येतात. डीईसी आणि अल्बेंडाझोल. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देऊन पाहिलं, आणि ही तिहेरी मात्रा पुढे इतर जिल्ह्यांतही आली. देशानं 2027 पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलंय. गोळ्या रक्तातली पिल्लावळ मारतात, म्हणजे डासाला पुढे न्यायला काही उरत नाही. मात्र गावातल्या बहुतेकांनी त्या लागोपाठ काही वर्षं घेतल्या तरच. इथेच घोडं अडतं. "मला काय झालंय?" असं म्हणून लोक गोळ्या कोनाड्यात ठेवतात. कुणाला घेतल्यावर ताप येतो, डोकं दुखतं, आणि बातमी गावभर होते की गोळ्या बाधल्या. वास्तविक ज्याच्या रक्तात कृमी असतात त्यालाच असा ताप सहसा येतो. ते मरतात म्हणून येतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. हे समजावून सांगायला दारात उभं राहून पाच मिनिटं द्यावी लागतात. आपली व्यवस्था नागपूरच्या मोठ्या इस्पितळांवर जेवढं बोलते त्याच्या शतांशही या पाच मिनिटांवर बोलत नाही. हृदयाला पाच गुण, लसीकेला दोन, हे माप वर्गातच संपलेलं नाही.

एकदा जाड झालेला पाय गोळ्यांनी पहिल्यासारखा होत नाही. पण तो आहे तिथेच थांबवता येतो, आणि त्याला लागतं काय? साबण आणि स्वच्छ पाणी. रोज पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या मऊ कापडानं कोरड्या टिपायच्या, भेग दिसली तर मलम लावायचं, झोपताना पाय उंचावर ठेवायचा, दिवसा घोटा हलवत राहायचा म्हणजे पोटरी आपलं काम करील. तापाचे झटके थांबतात, आणि झटके थांबले की वाढही थांबते. आजीला हे कुणी सांगितलं नाही. तिच्या काळी गावात सांगणारं कुणी नव्हतं.

आता आहे. तुमच्या घरी असा पाय असेल तर आजपासून तो रोज धुवा, आणि अंडवृद्धी असेल तर लाज सोडून सरकारी दवाखान्यात दाखवा. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं वगळून सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या आहेत, आपल्याला काही झालेलं नसलं तरी. घरी ठेवून घेऊ नका. जेवण झाल्यावर, घेऊन आलेल्या माणसासमोरच गिळा. आणि रात्री कुणी काचपट्टी घेऊन दारात आलं, तर दार उघडून बोट पुढे करा.